बी.ए.चा खरा खर्च किती?

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एक हिशेब मांडला जातो. इंजिनीअरिंगची फी लाखात, फार्मसीची लाखात, कला शाखेची हजारात. मग 'बी.ए.ला कसला आलाय खर्च?' असे म्हणून वही मिटते. मराठी, इंग्रजी, इतिहास, तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र असे विषय घेणाऱ्या मुलामुलींचा खर्च त्यामुळे बहुतेक घरांत कधी नीट मांडलाच जात नाही. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी लक्षात येते, की कॉलेजला तीस हजारच भरले, पण घरातून साडेतीन-चार लाख गेले.

अनुदानित कॉलेजातल्या बी.ए.च्या हिशेबात फी हा अगदी लहान आकडा असतो. मोठे आकडे दोनच: मूल कुठे राहणार आणि पदवीनंतर काय जोडणार. या दोन प्रश्नांची उत्तरे प्रवेशाच्या आधी ठरवली, तर साहित्याचे आणि मानव्यविद्यांचे शिक्षण आजही सामान्य घराला झेपते. पुढचे रुपयांचे अंदाज २०२५च्या सुमाराचे आहेत. आपल्या गावाचे आकडे घालून हिशेब नव्याने करावा.

कॉलेज कोणत्या प्रकारचे?

खर्चाचा पहिला फरक इथेच पडतो. महाराष्ट्रातल्या मुलांपुढे बी.ए. शिकण्याचे मुख्य मार्ग पाच.

शासकीय महाविद्यालय: मुंबईचे एल्फिन्स्टन, कोल्हापूरचे राजाराम, नागपूरची वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था ही ठळक उदाहरणे. फी सर्वांत कमी, पण अशी कॉलेजे मोजकीच.

अनुदानित महाविद्यालय: बी.ए.चे बरेच विद्यार्थी इथे शिकतात. मंजूर पदांवरच्या प्राध्यापकांचा पगार शासन देते, म्हणून फी कमी. तालुक्याच्या ठिकाणी सगळे मिळून वर्षाला साधारण तीन ते सात हजार, पुण्या-मुंबईत सहा ते बारा हजार धरावेत.

विनाअनुदानित तुकडी: ही त्याच इमारतीत, त्याच नावाखाली चालू शकते. पत्रकारिता-जनसंवादासारखे अभ्यासक्रम किंवा इंग्रजी माध्यमाची जादा तुकडी बहुधा या गटात मोडते. शहरात वर्षाला वीस ते साठ हजार लागतात. कॉलेज अनुदानित आहे म्हणून आपली तुकडीही अनुदानित असेलच असे नाही. अर्ज भरताना तुकडीच्या नावापुढे काय लिहिले आहे ते बघा.

खासगी विद्यापीठ: सोनीपतचे अशोका, पुण्याचे फ्लेम अशी नावे ऐकलेली असतात. राहण्याजेवणासह वर्षाला दहा लाखांच्या आसपास किंवा त्याहून वर हिशेब जातो. काही विद्यापीठे घरचे उत्पन्न पाहून मोठी सवलत देतात. ती लेखी मिळाल्याखेरीज गृहीत धरू नये.

मुक्त विद्यापीठ: नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले. त्याची अभ्यासकेंद्रे राज्यभरातल्या कॉलेजांत चालतात. देशपातळीवर इग्नू आहे. दोन्हीकडे वर्षाची फी काही हजारांत बसते. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्यता दिलेल्या दूरस्थ अभ्यासक्रमाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीने धरली जाते. नोकरी करणाऱ्यांना, शेती बघणाऱ्यांना, लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या बायकांना हा मार्ग सर्वांत परवडतो.

महाराष्ट्राबाहेर जायचे असेल तर केंद्रीय विद्यापीठे आहेत. दिल्ली विद्यापीठ, जेएनयू, बनारस हिंदू विद्यापीठ, हैदराबाद विद्यापीठ यांचे बहुतेक पदवी प्रवेश सीयूईटी या परीक्षेतून होतात आणि ती मराठी माध्यमातूनही देता येते. जेएनयूचे शिक्षण शुल्क वर्षानुवर्षे शेकड्यांतच राहिले आहे. वसतिगृह मिळाले तर दिल्लीतले शिक्षण पुण्यातल्या खोलीपेक्षा स्वस्त पडू शकते, नाही मिळाले तर खर्च दुप्पट होतो.

पावती ओळीओळीने वाचा

प्रवेशाच्या पावतीवर दहा-पंधरा ओळी असतात. शिक्षण शुल्क ही त्यातली एकच ओळ, आणि अनुदानित कॉलेजात ती अनेकदा हजाराच्या आतच असते. बाकी रक्कम ग्रंथालय, जिमखाना, ओळखपत्र, विमा, विद्यार्थी कल्याण, विकास निधी, संगणक अशा शीर्षकांखाली जाते.

तीन ओळींकडे नीट लक्ष द्या. पहिली अनामत रक्कम. ग्रंथालयाची किंवा प्रयोगशाळेची अनामत कॉलेज सोडताना परत मिळते, पण ती मागावी लागते आणि मूळ पावती दाखवावी लागते. बहुतेक मुले मागतच नाहीत. दुसरी पात्रता शुल्क. बारावी दुसऱ्या बोर्डातून किंवा दुसऱ्या राज्यातून केली असेल तर ते जास्त असते, सोबत स्थलांतर प्रमाणपत्रही लागते. तिसरी परीक्षा शुल्क. ते काही कॉलेजांत प्रवेशाच्या पावतीत असते, काहींत प्रत्येक सत्राला वेगळे भरावे लागते. स्वायत्त कॉलेजात परीक्षा कॉलेजच घेते, त्यामुळे शुल्कही कॉलेजच ठरवते. दोन सत्रांचे मिळून दीड ते तीन हजार धरा.

विषय राहिला तर एटीकेटीचा अर्ज, उत्तरपत्रिकेची झेरॉक्स, पुनर्मूल्यांकन आणि शेवटी पदवी प्रमाणपत्र यांचे पैसे वेगळे. एकेक रक्कम किरकोळ, पण तीन वर्षांत दोन-तीन हजार जातात.

पावतीशिवाय कोणतीही रक्कम देऊ नका. 'स्वेच्छा देणगी' स्वेच्छेने द्यायची नसेल, तर तसे सांगण्याचा पालकांना पूर्ण हक्क आहे.

तीन घरांचे नमुना हिशेब

पहिला हिशेब: घरी राहून तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या अनुदानित कॉलेजात. वर्षाचे आकडे असे.
फी: ६,०००
परीक्षा शुल्क: २,५००
एसटीचा विद्यार्थी पास, दहा महिने: ७,०००
पुस्तके: ३,०००
मोबाइल डेटा, झेरॉक्स, वह्या: ४,०००
प्रकल्प, क्षेत्रभेट: १,५००
एकूण: २४,०००. तीन वर्षांचे: ७२,०००.

दुसरा हिशेब: घर सोडून पुण्यासारख्या शहरात, अनुदानित कॉलेजात, कॉट बेसिसवर.
फी: १०,०००
परीक्षा शुल्क: ३,०००
कॉटचे भाडे, महिना ४,५०० प्रमाणे दहा महिने: ४५,०००
मेस, दोन वेळ, महिना ३,५०० प्रमाणे: ३५,०००
शहरातला प्रवास: ६,०००
पुस्तके: ५,०००
मोबाइल, नाश्ता, औषध, कपडे, किरकोळ: १५,०००
गावी जाणे-येणे: ६,०००
एकूण: १,२५,०००. तीन वर्षांचे: ३,७५,०००. खोलीची अनामत वेगळी.

तिसरा हिशेब: मुक्त विद्यापीठ. फी, पुस्तके, संपर्कसत्रांना जाण्याचा प्रवास आणि परीक्षा मिळून वर्षाला आठ ते दहा हजार. तीन वर्षांचे फार तर तीस हजार.

पहिल्या दोन हिशेबांत तीन लाखांचे अंतर आहे. त्यात फीचा वाटा तीन वर्षांचे बारा हजार, म्हणजे वर्षाला चार. उरलेले बहुतेक कॉट, मेस, प्रवास आणि किरकोळ खर्चाचे. म्हणून 'पुण्याला पाठवायचे का?' हा प्रश्न कॉलेजच्या नावावरून सोडवू नये. जिल्ह्याच्या कॉलेजात आपल्या विषयाला पूर्णवेळ प्राध्यापक आहेत, ग्रंथालय चालते आहे, तर बी.ए. घरी राहून करावे. वाचलेल्या पैशातून एम.ए.ला चांगल्या विद्यापीठात जावे. मानव्यविद्यांत पुढचे दरवाजे एम.ए.च्या विभागातून जास्त उघडतात, कारण मार्गदर्शक, संशोधन आणि शिष्यवृत्त्या तिथे असतात.

उलट, कॉलेजात विषयाचे एकच पद असेल, तेही रिक्त, आणि सगळे तास तासिका तत्त्वावरच्या शिक्षकावर चालत असतील, तर स्वस्त प्रवेश महागात पडतो. तासिका तत्त्वावरचे शिक्षक अनेकदा उत्तम शिकवतात, पण वर्ष निम्मे झाले तरी नेमणूकच होत नाही असेही घडते. हे कॉलेजच्या माहितीपत्रकात सापडत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा.

प्रवास आणि राहणे: इथे पैसे वाचतात

एसटीच्या विद्यार्थी मासिक पासावर ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे भाड्याचा सुमारे एक तृतीयांश भरायचा. मुलींनी एक फरक ध्यानात घ्यावा. अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास बारावीपर्यंतच आहे. पदवीला आल्यावर विद्यार्थी पास काढावा. एसटीत महिलांना तिकिटावर ५० टक्के सवलत आहे, पण रोज जाणाऱ्या मुलीला पास त्याहून स्वस्त पडतो.

रेल्वेने जाणाऱ्या विद्यार्थ्यांना सीझन तिकिटावर निम्मी सवलत मिळते. पदवीपर्यंतच्या मुलींना घर ते कॉलेज दुसऱ्या वर्गाचा मासिक पास विनामूल्य देण्याची तरतूद रेल्वेच्या सवलतींत आहे. त्यासाठी कॉलेजचा दाखला लागतो. लोकलने जाणाऱ्या मुलींनी आधी कॉलेजच्या कार्यालयात आणि मग पासाच्या खिडकीवर याची चौकशी करावी.

राहण्यासाठी पहिला अर्ज शासकीय वसतिगृहाचा. समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहांत राहणे-जेवण मोफत असते, प्रवेश गुणवत्तेवर मिळतो. दुसरा अर्ज कॉलेजच्या वसतिगृहाचा. तिसरा सामाजिक संस्थांचा. पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींना अनेक दशके अल्प खर्चात ठेवून घेत आली आहे. समाजांची, ज्ञातींची, जिल्हा मंडळांची वसतिगृहेही असतात. या सगळ्यांचे अर्ज निकालानंतर लगेच निघतात. कॉलेजचा प्रवेश पक्का होईपर्यंत थांबलात तर कॉट बेसिसच पदरात पडते.

कॉट घेताना वीज, पाणी, वाय-फाय भाड्यात आहे का, अनामत किती आणि ती कधी परत मिळणार, उन्हाळ्याच्या सुटीतले भाडे द्यावे लागते का, हे लिहून घ्या. मेसला महिन्याचे पैसे देण्याआधी चार दिवस रोखीने जेवून बघा. गावी गेल्यावर 'खाडा' धरतात का, तेही विचारा.

चौथे वर्ष घ्यावे का?

नव्या शैक्षणिक धोरणानुसार संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून पदवीची नवी रचना सुरू झाली. स्वायत्त कॉलेजांत आणि विद्यापीठ विभागांत ती त्याआधी आली. तीन वर्षांनी पदवी, चौथे वर्ष केल्यास ऑनर्स. तीन वर्षांच्या पदवीनंतर एम.ए. दोन वर्षांचे, चार वर्षांच्या पदवीनंतर एक वर्षाचे. म्हणजे एम.ए.पर्यंतची वर्षे दोन्हीकडे पाचच, आणि चौथ्या वर्षाने वेळ वाचत नाही. एम.ए. दुसऱ्या विद्यापीठात करायचे असेल, तर तीन वर्षांनी बाहेर पडून दोन वर्षे तिथे घालवणे बहुतेकांना फायद्याचे. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के मिळाल्यास थेट पीएच.डी.ला पात्र होता येते. संशोधनाचा ध्यास असलेल्या मोजक्यांसाठी हा रस्ता आहे.

विषयाची निवड मात्र पैशांइतकीच महत्त्वाची. आता 'स्पेशल' विषयाच्या जागी मेजर आणि मायनर आले आहेत. पहिल्या वर्षी शिकवला जाणारा प्रत्येक विषय पुढे मेजर म्हणून मिळेलच असे नाही. तत्त्वज्ञान, संस्कृत, हिंदी, मानसशास्त्र यांना पुरेशी मुले नसतील तर काही कॉलेजे ते चालवत नाहीत. अशा वेळी मूल दुसऱ्या कॉलेजात बदली घेते आणि पात्रता शुल्क, नवी फी, नवी खोली असा सगळा खर्च पुन्हा होतो. 'हा विषय मेजर म्हणून सहाव्या सत्रापर्यंत आहे का, आणि मागच्या वर्षी किती मुले होती?' हे आधीच विचारा.

क्षेत्र प्रकल्प, समुदाय सहभाग आणि ओजेटी (प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण) यांना आता श्रेयांक आहेत. ओजेटीसाठी पैसे मागणाऱ्या संस्थांच्या नादी लागू नका. तालुक्याचे वाचनालय, स्थानिक दैनिक, ग्रामपंचायतीचे दप्तर, जिल्ह्याचे वस्तुसंग्रहालय अशा ठिकाणी साहित्य-इतिहासाच्या विद्यार्थ्याला करण्यासारखे भरपूर काम असते आणि ते बिनपैशाचे असते. कॉलेजची लेखी परवानगी आधी घ्या.

पुस्तके: कुठे द्यावे, कुठे वाचवावे

साहित्याच्या विद्यार्थ्याची सर्वांत वाईट बचत म्हणजे मूळ कलाकृतीऐवजी गाइड. गाइडे दीड-दोनशेला मिळतात, सत्र संपले की रद्दीत जातात. तेवढ्याच पैशांत जुन्या बाजारातून मूळ कादंबरी येते आणि ती घरात राहते.

खरेदीचा क्रम असा ठेवा. आधी कॉलेजचे ग्रंथालय आणि तिथली पुस्तकपेढी. मग गावचे सार्वजनिक वाचनालय. राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे आणि अनेक शहरांत शतकाहून जुनी वाचनालये चालू आहेत: पुणे नगर वाचन मंदिर, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर, दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय. वर्षाची वर्गणी दोन-तीन नव्या पुस्तकांच्या किमतीएवढी असते. त्यानंतर जुनी पुस्तके: पुण्यात अप्पा बळवंत चौकाचा परिसर, मुंबईत फोर्टचे पदपथ. नवी खरेदी सर्वांत शेवटी.

बरेच काही फुकटही आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी साहित्य स्वामित्वहक्कातून मुक्त होते. हरी नारायण आपटे आणि राम गणेश गडकरी यांचे निधन १९१९ मध्ये झाले, साने गुरुजींचे १९५० मध्ये, बा. सी. मर्ढेकरांचे १९५६ मध्ये. यांचे लेखन कायदेशीरपणे मोफत उतरवून घेता येते. वि. स. खांडेकर १९७६ मध्ये गेले, त्यांना अजून अवकाश आहे. मराठी विश्वकोश संपूर्ण ऑनलाइन आहे. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. इग्नूचे अभ्याससाहित्य ई-ज्ञानकोशावर कुणालाही वाचता येते, आणि प्रवेश कुठेही असला तरी ते उपयोगी पडते. एम.ए.च्या विषयांसाठी ई-पीजी पाठशाला आहे.

एकच पुस्तक हट्टाने नवे घ्या: चांगला शब्दकोश. इंग्रजी साहित्यवाल्यांनी इंग्रजीचा, मराठीवाल्यांनी मराठीचा, आणि जमले तर दोघांनी दोन्ही.

लॅपटॉप पहिल्या वर्षी लागत नाही. तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पाला लागतो, तेव्हा वापरलेला चांगला घ्यावा. त्याआधी युनिकोडमध्ये मराठी टंकलेखन शिका. ते फुकट आहे आणि पुढे त्याचे पैसे मिळतात.

शिष्यवृत्त्या: कोणाला काय

राज्याच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर होतो, केंद्राच्या योजनांचा राष्ट्रीय शिष्यवृत्ती संकेतस्थळावर.

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती: पूर्वीची ईबीसी. खुल्या गटासाठी, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत. शिक्षण शुल्काचा निम्मा भाग मिळतो. अनुदानित कॉलेजात शिक्षण शुल्कच थोडे, म्हणून रक्कमही थोडी. विनाअनुदानितला जाणाऱ्यांनी आपल्या अभ्यासक्रमाला ती लागू आहे का, हे आधी पाहावे.

भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती: अनुसूचित जाती व जमातींसाठी उत्पन्नमर्यादा २.५ लाख. शुल्कासोबत निर्वाह भत्ता मिळतो. उत्पन्न त्यापुढे असेल तर शुल्कमाफीची वेगळी योजना पाहावी. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठीही स्वतंत्र योजना आहेत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना: शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी. मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत वर्षाला ६०,०००, इतर महापालिका शहरांत ५१,०००, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० रुपये, अशी तिची रचना आहे. वरच्या दुसऱ्या हिशेबातला कॉट आणि मेसचा ८० हजारांचा बोजा यातून तीन चतुर्थांश उतरतो. अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम आणि इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना याच धर्तीवर आहेत. वसतिगृहाचा अर्ज केलेला असणे इथे महत्त्वाचे, म्हणून तो टाळू नका.

केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती: बारावीत आपल्या मंडळात ८० पर्सेंटाइलच्या वर आणि घरचे उत्पन्न ४.५ लाखांपर्यंत असेल तर पदवीच्या तीन वर्षांत दरवर्षी १२,००० रुपये. नियमित अभ्यासक्रमालाच मिळते, मुक्त विद्यापीठाला नाही. दुसरी शिष्यवृत्ती घेत असाल तर ही घेता येत नाही. कला शाखेची मुले हा अर्जच करत नाहीत, वास्तविक अनुदानित कॉलेजची वर्षाची फी यात पूर्ण निघते.

कमवा व शिका: कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने रुजवलेली ही कल्पना आज विद्यापीठांच्या योजनेत आहे. ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत तासाच्या दराने काम मिळते. जागा थोड्या असतात, जुलैमध्येच नाव द्या.

मुलींच्या मोफत शिक्षणाबद्दल गैरसमज फार आहे. जुलै २०२४ चा शासननिर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी होता. साध्या बी.ए.ला तो लागू आहे असे धरून चालू नका, आपल्या कॉलेजात कोणती सवलत आहे ते कार्यालयातून पक्के करून घ्या.

कोणत्याही योजनेसाठी उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, अधिवास आणि आधारशी जोडलेले बँक खाते मे महिन्यातच तयार ठेवा. पैसे उशिरा येतात, कधी वर्ष उलटते. त्यामुळे पहिल्या वर्षाचा खर्च शिष्यवृत्ती धरून आखू नये. अर्जाचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते, आणि दुसऱ्या वर्षी ते विसरणारे फार.

पदवीनंतरचे मोठे खर्च

बी.ए. झालेल्याच्या घरात सर्वाधिक पैसा स्पर्धा परीक्षेवर जातो. यूपीएससीच्या अर्जाची फी शंभर रुपये, महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना तीही नाही. क्लास मात्र लाखाच्या पुढे, त्यात शहरातली दोन-तीन वर्षे. म्हणजे तीन ते सहा लाख, घरी राहून केलेल्या पदवीच्या कितीतरी पट. बार्टी, सारथी, महाज्योती या शासकीय संस्था मोफत प्रशिक्षण देतात, त्यांच्या प्रवेशपरीक्षा आधी द्या. क्लास लावण्याआधी पदवीच्या वर्षांतच मागच्या प्रश्नपत्रिका स्वतः सोडवून पाहा, आणि किती प्रयत्न करायचे हे घरात आधी ठरवा.

शिक्षक व्हायचे असेल तर बी.एड.ची दोन वर्षे, सीईटी, मग टीईटी, अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल. विनाअनुदानित बी.एड.ची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. ती संकेतस्थळावर पाहून जा, त्याहून जास्त मागितले तर देऊ नका.

प्राध्यापक व्हायचे असेल तर एम.ए. आणि नेट किंवा सेट. सेट महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुणे विद्यापीठ घेते. नेटमध्ये जेआरएफ मिळाली तर पीएच.डी. करताना महिना ३७,००० रुपये अधिछात्रवृत्ती आणि घरभाडे भत्ता मिळतो, दोन वर्षांनी रक्कम ४२,००० होते. मराठी, इतिहास, तत्त्वज्ञान सगळ्यांना ती सारखीच. मात्र कायम प्राध्यापकांची भरती वर्षानुवर्षे रेंगाळते, हे पाहूनच हा रस्ता धरावा.

कमी पैशांत जोडता येणारी गोष्ट म्हणजे भाषा. पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन, फ्रेंच, जपानी, रशियनचे अर्धवेळ वर्ग चालवतो. बी.ए.सोबत तीन वर्षे एक भाषा केली, तर अनुवाद आणि भाषासेवांचे काम मिळण्याची शक्यता नुसत्या पदवीपेक्षा कितीतरी वाढते. २०२२ पासून एका वेळी दोन पदव्या घेण्यासही विद्यापीठ अनुदान आयोगाची मुभा आहे. नियमित बी.ए.सोबत मुक्त विद्यापीठातून दुसरी करता येते.

प्रवेश रद्द केला तर

विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे परतावा नियम असे: प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा अधिक आधी रद्द केल्यास १०० टक्के, त्या शेवटच्या १५ दिवसांत ९०, तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८०, पुढच्या १५ दिवसांत ५०, त्यानंतर काही नाही. पूर्ण परताव्यात प्रक्रिया शुल्क म्हणून थोडी रक्कम कापता येते. अनामत पूर्ण परत द्यावी लागते. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्यास कॉलेजला मनाई आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, तारीख पाहा.

कर्ज? अनुदानित बी.ए.साठी घेऊ नये. गरजच पडत नाही. खासगी विद्यापीठासाठी तीस-चाळीस लाखांचे कर्ज काढण्याआधी, पदवीनंतरच्या पहिल्या पगारातून तो हप्ता फिटेल का, हे कागदावर मांडून पाहा. साहित्याच्या पदवीला सुरुवातीला मोठा पगार क्वचितच मिळतो.

कार्यालयात विचारायचे आठ प्रश्न

१. ही तुकडी अनुदानित की विनाअनुदानित?
२. पहिल्या वर्षाची एकूण फी किती, त्यात परीक्षा शुल्क आहे का?
३. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी किती वाढते?
४. माझा विषय मेजर म्हणून शेवटपर्यंत आहे का?
५. त्या विषयाला पूर्णवेळ प्राध्यापक किती?
६. ग्रंथालयातून एका वेळी किती पुस्तके घरी मिळतात, पुस्तकपेढी आहे का?
७. वसतिगृहाचा अर्ज कधी?
८. शिष्यवृत्तीचे काम कोण पाहते, मागच्या वर्षीचे पैसे आले का?

सातव्या-आठव्या प्रश्नाला टोलवाटोलवी झाली, तर दुसरे कॉलेज बघा.

निष्कर्ष सरळ आहे. घरी राहून, अनुदानित कॉलेजात, पाऊण लाखात साहित्याची किंवा इतिहासाची चांगली पदवी होते. शहरातच जायचे तर आधी वसतिगृह मिळवा, मग कॉलेज ठरवा. वाचलेले पैसे पुस्तकांवर, एका नव्या भाषेवर आणि एम.ए.वर खर्च करा. पालकांनी एवढेच करावे: बी.ए.चा हिशेब मुलासोबत बसून पाच वर्षांचा मांडावा, आणि तो प्रवेशाच्या आधी मांडावा.